जिथे लोह पोचत नाही, तिथे बघायचं

गेल्या अंकात एमआरआयच्या कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून देतात त्या औषधाबद्दल लिहिताना लोहाच्या चुंबकीय नॅनोकणांवर मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या. यंदाची जवळजवळ सगळी पत्रं त्या दोन ओळींवरच आली आहेत. मिरजेत सव्वीस वर्षं एमआरआयच्या फिल्म वाचण्यात गेली, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि एवढाच विषय घेते.

*वडील ७१ वर्षांचे, प्रोस्टेटचा कर्करोग. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "लसीकाग्रंथी वाढलेल्या नाहीत" असं आहे, तरी डॉक्टर म्हणतात, खात्री देता येत नाही. तुम्ही लिहिलेली लोहकणांची तपासणी कुठे होते? खर्चाचं म्हणाल तर दीड एकर विकायची माझी तयारी आहे.*
*– एक वाचक, कराड*

शेत विकू नका, हे आधी सांगते. कारण पुढे सांगितलंच आहे, पण ते वाचेपर्यंतही तुम्ही धीर सोडू नये म्हणून आधी लिहिलं.

रिपोर्टमधलं ते वाक्य मी स्वतः हजारो वेळा लिहिलं असेल. लसीका म्हणजे पेशींभोवतून वाहणारा पातळ द्रव, आणि तो गाळणाऱ्या छोट्या गाठी म्हणजे लसीकाग्रंथी (लिम्फ नोड). वाक्याचा अर्थ एवढाच, की ग्रंथींचा आकार मोठा नाही. साध्या एमआरआयवर आम्ही ग्रंथीची आडवी रुंदी मोजतो. ती ८ ते १० मिलिमीटरच्या वर गेली की संशय घ्यायचा, आत असेल तर "वाढलेली नाही" असं लिहायचं. पण पाच मिलिमीटरच्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी जाऊन बसलेल्या असू शकतात, आणि पंधरा मिलिमीटरची ग्रंथी नुसत्या जुन्या जंतुसंसर्गाने सुजलेली असू शकते. तुमचे डॉक्टर खात्री देत नाहीत, कारण ते प्रामाणिक आहेत.

लोहकणांची कल्पना नेमकी या अडचणीवर उतारा म्हणून आली. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, त्यांच्यावर डेक्स्ट्रान या साखरेच्या जातीच्या पदार्थाचं आवरण चढवायचं आणि सलाइनमधून हळूहळू शिरेत सोडायचे. आवरणासकट एक कण ३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत असे दोन-अडीच हजार कण एका रांगेत बसतील. ते रक्तात बराच वेळ फिरतात, केशवाहिन्यांमधून बाहेर झिरपतात आणि लसीकेबरोबर वाहत ग्रंथींपर्यंत जातात. निरोगी ग्रंथीत भक्षकपेशी पहाऱ्यावर असतात. परका कण दिसला की त्या गिळतात. दुसऱ्या दिवशी फोटो घेतला की निरोगी ग्रंथी लोहाने भरलेली, म्हणून काळी दिसते. जिथे कर्करोगाने जागा बळकावली आहे तिथे भक्षकपेशीच उरलेल्या नसतात. तिथे लोह जात नाही आणि तेवढा भाग पूर्वीसारखाच उजळ राहतो.

बऱ्याच वाचकांचा समज उलटा झालेला दिसला, म्हणून हे नीट लक्षात घ्या. लोह गाठीला शोधत जात नाही. ते निरोगी भागात जाऊन बसतं, आणि जिथे ते पोचलं नाही ती जागा आपण बघायची.

२००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या पद्धतीचा अभ्यास आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ८० रुग्ण होते आणि त्यांच्या ३३४ ग्रंथी काढून किंवा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. ६३ ग्रंथींमध्ये कर्करोग निघाला, आणि त्यांतल्या ४५ ग्रंथी नेहमीच्या निकषांवर चक्क "साध्या" ठरत होत्या. साध्या एमआरआयला बाधित ग्रंथींपैकी ३५.४ टक्के सापडत होत्या, लोहकणांनी ९०.५ टक्के. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरअखेर शिकागोला रेडिओलॉजीच्या वार्षिक परिषदेला मी गेले होते, तिथे या चित्रांच्या जोड्या मोठ्या पडद्यावर पाहिल्या. डावीकडे साधा एमआरआय, उजवीकडे लोह दिल्यानंतरचा. काळ्या वाटाण्यासारख्या ग्रंथीत एक पांढरा दाणा. हॉटेलवर परत आल्यावर मला झोप लागली नाही. "वाढलेल्या नाहीत" असं लिहून मी घरी पाठवलेली माणसं एकेक करून आठवत होती.

पुढे मात्र गाडी अडली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या तज्ज्ञ समितीने या लोहकणांच्या औषधाचा पुरावा पुरेसा मानला नाही, आणि २००७ मध्ये युरोपातला मान्यतेचा अर्ज कंपनीनेच मागे घेतला. त्याचा थोरला भाऊ, यकृताच्या तपासणीचं लोहकणांचं औषध फेरिडेक्स, अमेरिकेत १९९६ पासून मिळत होता, तोही २००८ मध्ये बंद झाला. तो अर्धा तास सलाइनमधून द्यावा लागे, काहींची कंबर भयंकर दुखे, आणि तोवर यकृताच्या पेशींमध्ये शिरणारं गॅडोलिनियमचं (एमआरआयच्या नेहमीच्या कॉन्ट्रास्टमधला धातू) औषध आलं होतं. लोहकण चुकीचे ठरले, असं मी कधीच म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ग्रंथींचं ते औषध नव्याने बनवून घेतलं आणि ते वापरतही आहेत.

म्हणून परदेशी जायचं का? तुमच्या वडिलांसाठी मी नाही म्हणेन. त्यांचाच प्रश्न सोडवणारी दुसरी तपासणी आता मुंबई-पुण्यात होते. पीएसएमए पेट-सीटी. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन पुष्कळ असतं, त्याला जाऊन चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ देतात. ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: या तपासणीची अचूकता ९२ टक्के, तर सीटी स्कॅन आणि हाडांचा स्कॅन मिळून ६५ टक्के. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका हिच्याही हातून सुटतो, हे माहीत असू द्या. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: बाबांना पीएसएमए पेटची गरज आहे का, आणि तिच्या निकालावरून उपचार बदलणार आहेत का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर तो खर्चही वाचेल.

एक सावधगिरी. गेल्या वर्षी एका पेशंटच्या मुलाने मला "नॅनो एमआरआय"चं चकचकीत पत्रक दाखवलं. सेंटरचं नाव इथे देत नाही. कोणतं औषध देणार, ते मी लिहून मागवायला लावलं, तेव्हा ते रोजचंच गॅडोलिनियम निघालं. दर मात्र दुपटीहून जास्त. घाबरलेल्या माणसाला असं गाठणं मला सहन होत नाही. इंजेक्शनचं नाव विचारायचा हक्क तुमचा आहे, तो सोडू नका.

*मी रसायनशास्त्रात एमएस्सी करतोय. फेरस आणि फेरिक क्लोराइड १:२ प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया टाकला, काळा साका बसला आणि चुंबक लावला की तो धावत येतो. याला कर्करोगाच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं चिकटवली तर कण थेट गाठीत जाऊन बसतील का? नाहीतर बाहेरून चुंबक धरून ओढता येतील का?*
*– एक विद्यार्थी, नांदेड*

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. तुझ्या चंचुपात्रात तळाला बसला आहे तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं चुंबकीय ऑक्साइड. माझं माहेर रत्नागिरी. लहानपणी आम्ही मांडवीच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवायचो, त्याला काळी दाढी फुटायची. त्या वाळूत इल्मेनाइटच्या जोडीला मॅग्नेटाइटही असतो. म्हणजे पदार्थ आपला ओळखीचाच, फरक आकाराचा आहे, आणि आकारानेच सगळा खेळ बदलतो.

वाळूचा कण चुंबकापासून दूर नेला तरी थोडं चुंबकत्व धरून ठेवतो आणि शेजारच्याला चिकटतो. असे कण रक्तात गेले तर गोळे होऊन वाहिन्या बुजवतील. मॅग्नेटाइटचा कण वीसेक नॅनोमीटरच्या खाली उतरला की नुसत्या उष्णतेने त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटत राहते. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत तो जोरदार चुंबक, क्षेत्र काढलं की काहीच नाही. याला अतिपरानुचुंबकत्व म्हणतात. कण शिरेत सोडता येतो तो या गुणामुळे.

आता तो चित्र काळं कसं करतो ते बघ. एमआरआयमध्ये आपल्याला ऐकू येतात ते पाण्यातले हायड्रोजनचे प्रोटॉन. लेझीमचं पथक डोळ्यांपुढे आण. सगळे एका ठेक्यावर आहेत तोवर आवाज खणखणीत येतो. मध्येच कोणी वेगळ्या ठेक्याचा ढोल घेऊन उभा राहिला, तर त्याच्या जवळच्यांची लय आधी मोडते. हातपाय सगळ्यांचे हलत असतात, पण एकत्रित आवाज विरतो. लोहकण म्हणजे तो ढोल. त्याच्याभोवतीचं क्षेत्र असमान होतं, जवळच्या प्रोटॉनचा मेळ सुटतो, संकेत मावळतो आणि चित्रात काळं पडतं. अंबाड्यात विसरलेली एक आकड्याची पिन अख्ख्या डोक्याच्या चित्रात काळं भगदाड पाडते ते याच कारणाने. ते भगदाड पाहून टेक्निशियन धावत आत गेलेला मी पाहिला आहे.

आता प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीचं). कागदावर कल्पना सुंदर आहे, पण शरीर कणाला गाठीपर्यंत जाऊ देत नाही. रक्तात शिरल्याबरोबर प्रथिनं त्याच्यावर थर चढवतात, तू चिकटवलेलं प्रतिपिंड त्याखाली झाकलं जातं, आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षकपेशी बहुतेक माल उचलतात. टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला: टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात ते मध्यमानाने ०.७ टक्के. शंभरातला एकही धड नाही. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेव. यकृत आणि लसीकाग्रंथींच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी झाली, कारण तिथे भक्षकपेशींशी भांडावं लागलं नाही, त्यांच्याकडूनच काम करून घेतलं.

बाहेरच्या चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. कातडीखालच्या गाठीपुरता प्रयोग जमेल, पोटाच्या आत खोलवर नाही.

काळ्या रंगाची आणखी एक अडचण आहे. चित्रात रक्तस्राव काळा, हवा काळी, कॅल्शियम काळं आणि लोहही काळं. त्यातलं तुझं लोह कोणतं? यावर हँबुर्गमधल्या फिलिप्सच्या दोन शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये वेगळीच वाट दाखवली. पाण्याचा संकेत ऐकायचाच नाही, थेट चुंबकीय कणाचा ऐकायचा. कण असेल तिथेच ठिपका, बाकी चित्र रिकामं. रुग्णालयातलं रोजचं काम अजून त्यावर चालत नाही, पण तुझ्या वयाच्या मुलांनी त्याकडे लक्ष ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्पासाठी एक सुचवते. साक्यावर डेक्स्ट्रानचं आवरण चढव, कणांचा आकार मोज, मग लोहाची वेगवेगळी प्रमाणं अगरच्या जेलीत मिसळून आठ नळ्या भर आणि घट्ट सीलबंद कर. एखाद्या एमआरआय सेंटरला संध्याकाळचा रिकामा अर्धा तास माग. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलींना मी असा वेळ दिला होता. पहिली नळी पांढरी, शेवटची कोळशासारखी, आणि मधला उतार पाहून त्यांनी केलेला गलबला बाहेर बसलेल्या पेशंटनीही ऐकला. संकेत किती वेगाने विझतो याचा आलेख काढ, तोच तुझा निष्कर्ष. प्राण्यांवर मात्र संस्थेच्या समितीच्या मंजुरीशिवाय काहीही करायचं नाही. सुई तर लांबच राहिली.

*इंग्लंडमध्ये माझ्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. त्याआधी काखेतली ग्रंथी शोधायला गडद तपकिरी रंगाचं इंजेक्शन दिलं होतं. वर्ष झालं तरी कातडीवर डाग आहे. आत काही राहिलंय का? पुण्याची बहीण म्हणते, तिकडे प्रयोग केला तुझ्यावर.*
*– एक वाचक, लेस्टर*

ताई, प्रयोग नाही, रीतसर मान्यता असलेली पद्धत आहे. वर्णनावरून ते मॅगट्रेससारखं लोहकणांचं औषध असावं. केंब्रिजच्या कंपनीने बनवलेलं आहे आणि २०१८ मध्ये अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली. गाठीकडून निघालेली लसीका काखेतल्या ज्या ग्रंथीत पहिल्यांदा येते, तिला आम्ही पहारेकरी ग्रंथी म्हणतो. ती निर्मळ निघाली तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत, आणि जन्मभर हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. एरवी ती शोधायला निळा रंग आणि टेक्नेशियम वापरतात. टेक्नेशियम किरणोत्सारी असतं, सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग हाताशी लागतो. लोहकणांना तो लागत नाही. सर्जन चुंबकीय प्रोब काखेवर फिरवतो आणि यंत्राच्या आवाजावरून ग्रंथी शोधतो. धातूची अवजारं जवळ आली की प्रोब फसतो, म्हणून त्या वेळी प्लास्टिकची अवजारं घेतात. जिथे न्यूक्लिअर मेडिसिन नाही अशा आपल्या जिल्ह्याच्या गावांना हे किती सोयीचं पडेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डाग म्हणजे कातडीत राहिलेलं लोह. तो काहींना कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त दिसतो, आणि हळूहळू फिकट होतो. अपाय नाही. पण त्या बाजूच्या स्तनाचा एमआरआय काढायची वेळ आली, तर उरलेलं लोह चित्रात काळी पोकळी दाखवील. इंजेक्शनची तारीख आणि औषधाचं नाव तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला सांगा. बहिणीलाही हे पत्र वाचायला द्या, तिची काळजी खरी आहे.

*आयुर्वेदातलं लोहभस्मही अतिसूक्ष्म असतं. ते पोटात घेऊन एमआरआय काढला तर गाठ दिसणार नाही का?*
*– एक निवृत्त शिक्षक, संगमनेर*

सर, प्रश्न विचारपूर्वक आहे. पण पोटात गेलेलं लोह अखंड कणांच्या रूपात रक्तात जात नाही. आम्लात जेवढं विरघळेल, त्यातलं थोडं लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं, आणि शरीर त्याचं हिमोग्लोबिन बनवतं किंवा ते साठवून ठेवतं. लसीकाग्रंथीपर्यंत त्या कणाचा प्रवास होतच नाही.

गिळलेला कण आतड्यात राहतो, आणि त्याचाही उपयोग करून झाला आहे. आतडी काळी दिसावीत म्हणून पिण्याचं लोह-ऑक्साइडचं औषध अमेरिकेत १९९६ मध्ये आलं होतं. पित्तनलिकेचा एमआरआय काढताना आजही काही ठिकाणी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रातून पुसलं जातं आणि मागची नलिका मोकळी दिसते. रस प्यायला दिला की पेशंटचा चेहरा खुलतो, हे मी पाहिलं आहे. तेव्हा तुमच्या तर्काची दिशा बरोबर होती. भस्म मात्र या कामासाठी घेऊ नका, आणि आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

*आईची किडनी कमजोर आहे. गॅडोलिनियम नको म्हणतात. लोहकण चालतील का? शिवाय महिन्यापूर्वी तिला रक्त वाढायला शिरेतून लोह दिलंय. एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे.*
*– एक वाचक, अकोला*

गॅडोलिनियमची भीती निराधार नाही. किडनी जवळजवळ बंद असलेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे त्यानंतर लाकडासारखे कडक होतात, हे २००६ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. धोका प्रामुख्याने जुन्या, सैल बांधणीच्या औषधांचा होता, आणि त्यांतल्या काहींचा वापर युरोपने २०१७ मध्ये थांबवला. गॅडोलिनियमला पिंजऱ्यासारखं घट्ट धरणाऱ्या नव्या औषधांनी हा प्रकार फारच क्वचित होतो. म्हणून "किडनी खराब, तर कॉन्ट्रास्ट नाहीच" हा सरसकट नियम आता राहिलेला नाही. किडनी किती काम करते ते सांगणारा क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या आणि कोणतं औषध देणार ते विचारा.

लोहाचं फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध अमेरिकेत २००९ मध्ये किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी मंजूर झालं. तिथले काही डॉक्टर तेच मेंदूच्या गाठी आणि रक्तवाहिन्या बघायला वापरतात. ते किडनीवाटे बाहेर पडत नाही, शरीर त्यातलं लोह आपल्या साठ्यात घेतं. घाबरवणारी मात्रा नसते ती. ग्रंथींच्या तपासणीला साठ किलोच्या माणसाला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह देतात, रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० असतं. पण शिरेतल्या लोहाने क्वचित जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. फेरुमॉक्सिटॉलवर २०१५ मध्ये ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो यासाठीच. आईसाठी तुम्ही स्वतःहून ते मागू नका.

महिन्यापूर्वी कोणतं लोह दिलं ते डिस्चार्ज कार्डावर असेल. फेरुमॉक्सिटॉल असेल तर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या चित्रात फरक पडू शकतो. दुसरं काही असेल तरी नाव, मात्रा आणि तारीख अर्जावर लिहा. नाहीतर माझ्यासारखी कोणी फिल्म वाचायला बसेल आणि काळं यकृत पाहून भलताच आजार लिहून मोकळी होईल. कार्ड सापडत नसेल तर उद्याच हॉस्पिटलमधून प्रत काढा, एमआरआयच्या दिवशी सकाळी धावपळ नको. आणि आईच्या केसातल्या पिना घरीच काढून ठेवा.